जुना कमोड आणि पाण्याची बचत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीत गेली काही वर्षे पाण्याचे काम माझ्याकडे आहे. इमारत १९८० च्या दशकातली, त्यामुळे बहुतेक घरांतील संडासही त्याच काळातले. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागले की सभासद ज्या शंका घेऊन येतात, त्यांतील बऱ्याचशा शेवटी फ्लशच्या टाकीपाशी येऊन ठेपतात. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जुने भांडे फोडून नवे बसवणे हा यातला शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

संडासात खरोखर इतके पाणी जाते का?

जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती वापरासाठी माणशी दररोज जे पाणी गृहीत धरले आहे, त्यातले ४५ लिटर केवळ फ्लशसाठी आहेत. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराची धरणे आटली तेव्हा तेथील माणसांना पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे आणि संडास या सगळ्यांसाठी मिळून दिवसाला ५० लिटरांची मर्यादा घालून दिली होती. आपण जवळजवळ तेवढेच पाणी, तेही पिण्यायोग्य केलेले आणि पंपाने गच्चीवर चढवलेले, रोज नुसते बटण दाबून गटारात सोडतो. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा १० लिटरांची टाकी सोडली, तर दिवसाला २०० लिटर होतात. अंघोळीच्या बादल्या मोजणाऱ्या घरांतही हा हिशेब सहसा कोणी केलेला नसतो.

माझी टाकी 'जुनी' आहे हे कसे ओळखावे?

वयापेक्षा टाकीत किती पाणी मावते हे महत्त्वाचे. भिंतीवर डोक्याच्या वर बसवलेली, साखळी ओढायची बिडाची टाकी असेल, किंवा कमोडच्या मागे एकच दांडी वा एकच बटण असलेली चिनीमातीची अथवा प्लॅस्टिकची टाकी असेल, तर तिची क्षमता बहुधा १० ते साडेबारा लिटर असते. दोन बटणांच्या अलीकडच्या टाक्यांत मोठ्या बटणाला साधारण ६ लिटर आणि लहान बटणाला ३ लिटर पाणी सुटते. ही दोन बटणांची कल्पना ऑस्ट्रेलियातली. १९८० च्या सुमारास तेथे जी पहिली टाकी बाजारात आली ती ११ आणि साडेपाच लिटरांची होती. म्हणजे तिचा 'अर्धा' फ्लश आजच्या पूर्ण फ्लशच्या जवळपास होता.

एका फ्लशला नेमके किती पाणी जाते हे घरी मोजता येते का?

येते आणि बाकी काहीही करण्याआधी ते मोजावेच. टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, पूर्ण बंद करावा. टाकीचे झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचलून जमिनीवर जाड टॉवेल अंथरून त्यावर ठेवावे, कारण चिनीमातीचे झाकण नुसत्या फरशीवर टेकवताना कोपरा उडाला तर तेवढेच झाकण सुटे मिळत नाही. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने खूण करावी, फ्लश करावा आणि मग एक लिटरच्या बाटलीने मोजत मोजत पाणी पुन्हा त्या खुणेपर्यंत भरावे. जितक्या बाटल्या लागतील तितके लिटर तुमचा एक फ्लश घेतो. हा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवल्यास पुढे केलेल्या प्रत्येक बदलाचा फरक कळतो. आमच्याकडे एका मजल्यावरच्या, एकाच दिवशी बसवलेल्या दोन टाक्यांचे आकडे साडेआठ आणि अकरा असे निघाले होते, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये.

टाकी गळते आहे की नाही हे कसे समजावे? मला तर काहीच ऐकू येत नाही.

ऐकू येत नाही म्हणून गळत नाही असे नसते. नळ गळला तर फरशीवर पाणी दिसते. फ्लशची टाकी गळली तर पाणी मुकाट्याने भांड्यात उतरते आणि तेथून वाहून जाते. त्यामुळे ही गळती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. कोणीही वापरलेले नसताना मध्येच टाकी 'सूं' करून भरू लागणे हे तिचे सर्वांत ठळक लक्षण आहे. रात्री घर शांत झाल्यावर ते नीट ऐकू येते.

खात्री करण्यासाठी जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग चमचाभर पाण्यात कालवून टाकीत ओतावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला, तर टाकीच्या तळाची झडप गळते आहे. हळद वापरू नये, कारण चिनीमातीवर आणि रबरावर तिचे डाग राहतात. दुसरी परीक्षा रात्रीची आहे. झोपण्यापूर्वी अँगल कॉक बंद करून पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेले असेल, तर दोष तळाच्या झडपेत आहे. पातळी तशीच असेल, पण कॉक उघडल्यावर थोड्या वेळाने भांड्यात बारीक धार दिसू लागली, तर दोष बॉलकॉकमध्ये, म्हणजे टाकी भरली की येणारे पाणी बंद करणाऱ्या कॉकमध्ये आहे. तो वेळेवर बंद होत नाही आणि जास्तीचे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून उतरत राहते. हा फरक आधीच करून ठेवला तर प्लंबर आल्यावर 'सगळा सेट बदलावा लागेल' हे वाक्य ऐकावे लागत नाही.

गळतीचे गणित एकदा मांडून पाहावे. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, एवढी गळती डोळ्यांना जेमतेम दिसते. दिवसात १,४४० मिनिटे असतात, म्हणजे २८८ लिटर झाले. वर चौघांच्या कुटुंबाचा दिवसभराचा फ्लश २०० लिटर धरला होता. म्हणजे अशी एक गळकी टाकी कोणीही न वापरता संपूर्ण कुटुंबापेक्षा जास्त पाणी घेते. म्हणूनच गळती थांबवण्याआधी टाकीत बाटली ठेवणे किंवा दोन बटणांचा सेट आणणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीला नवे झाकण आणण्यासारखे आहे.

गळती सापडली. ती दुरुस्त करायला किती उपद्व्याप करावा लागतो?

बहुतेक वेळा फारसा नाही. तळाच्या झडपेखाली रबराचे किंवा सिलिकॉनचे एक वायसर असते. क्लोरीनच्या पाण्यात वर्षानुवर्षे राहून रबर कडक होते, त्याला चिरा पडतात किंवा त्याच्या कडेवर क्षारांचा खरखरीत थर बसतो. कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, झडप बाहेर काढून वायसर बोटाने तपासावे आणि ज्या कडेवर ते टेकते ती कडाही बोट फिरवून पाहावी. नुसता थर असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजवून मऊ कापडाने पुसावे. चाकूने किंवा काथ्याने खरवडू नये, कारण ओरखड्यातून पुन्हा पाणी वाट काढते. रबर कडक झाले असेल तर ते बदलणे हाच मार्ग आहे आणि त्याला चहा-नाश्त्याइतकाच खर्च येतो. दुकानात जाताना जुने वायसर खिशात घालून न्यावे. तोंडी माप सांगून आणलेले वायसर सहसा परत करावे लागते.

बॉलकॉक नीट बंद होत नसेल तर आधी त्याचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, हलवून पाहावा. जुन्या फ्लोटला चीर पडून आत पाणी शिरले की तो जड होऊन अर्धवट बुडतो आणि टाकी भरल्याचे कॉकला कळत नाही. पितळी दांडी असल्यास ती किंचित खाली वाकवावी आणि प्लॅस्टिकची असल्यास तिचा स्क्रू फिरवावा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा इंचभर खाली थांबले पाहिजे.

टाकीत वीट ठेवली तर पाणी वाचते असे ऐकले आहे. ठेवावी का?

ठेवू नये. सल्ला जुना आहे आणि त्यामागचा हेतूही चांगला आहे, पण वीट पाण्यात हळूहळू झडते आणि तिचा चुरा सुटतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी भट्टीची लाल वीट टाकीत ठेवली होती आणि ते मोठ्या अभिमानाने सर्वांना सांगतही असत. वर्षभराने त्यांच्याच बाजूच्या गच्चीवरील टाकीचे पाणी पहाटेपर्यंत उतरू लागले. एकेक घर तपासत आम्ही त्यांच्याकडे पोहोचलो. झाकण उघडून तळाशी हात घातला तेव्हा रव्यासारखा लालसर चुरा बोटांना लागला. त्यातलेच दोन-चार कण वायसरखाली बसून झडप उचलून धरत होते. भांड्यात केसाएवढी धार अखंड वाहत होती. विटेने दर फ्लशला लिटर-दीड लिटर वाचवले असेल, पण कणांनी त्याच्या कितीतरी पट घालवले. काकांनी वीट उचलून गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीला टेकू म्हणून लावली आणि ती तेथे उत्तम काम करते आहे.

मग विटेऐवजी काय ठेवावे?

एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली धुऊन, लेबल सोलून, निम्मी वाळूने किंवा खड्यांनी आणि उरलेली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून टाकीच्या कोपऱ्यात उभी ठेवावी. वाळू बाटली तरंगू नये म्हणून घालायची. बाटली फ्लोटच्या दांडीला, झडपेच्या साखळीला किंवा ओव्हरफ्लोच्या नळीला टेकता कामा नये. ठेवल्यावर चार-पाच वेळा फ्लश करून आतले सगळे भाग मोकळे हलतात का ते पाहावे. एक बाटली म्हणजे दर फ्लशला एक लिटर. मोठ्या टाकीत दोन बाटल्याही बसतात. दिवसाला २० फ्लश असलेल्या घरात दोन बाटल्यांनी ४० लिटर वाचतात, तेही जवळजवळ फुकटात.

बाटली ठेवण्यापेक्षा फ्लोट खाली करून टाकी कमी भरू देणे सोपे नाही का?

सोपे आहे, पण दोन्हींचा परिणाम सारखा नाही आणि हा फरक बहुतेकांना कोणी सांगत नाही. पाणी भांड्यात किती जोराने येते हे टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असते. फ्लोट खाली केला की पातळी उतरते. पाणी कमी येते आणि शिवाय मंद येते. बाटली ठेवली की पातळी पूर्वीएवढीच राहते आणि केवळ आकारमान घटते. पाणी कमी आले तरी सुरुवातीचा जोर तोच राहतो. म्हणून आधी बाटली आणि तरीही वाव असेल तर फ्लोट थोडासा खाली, हा क्रम ठेवावा. फ्लोट एकदम खाली केलेल्या घरांत दोनदा फ्लश करण्याची सवय लागते आणि मग बचत कागदावरच राहते.

पाणी कोठपर्यंत कमी करता येईल?

याचे उत्तर टाकीत नसून भांड्यात आहे. कमोडचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एका प्रकारात वरून आलेले पाणी मैल्याला सरळ ढकलून बाहेर काढते. त्याला वॉशडाउन म्हणतात आणि आपल्याकडच्या जुन्या इमारतींत बहुतेक हेच असतात. यात भांड्यातले उभे पाणी लहानशा जागेत दिसते आणि मागची बाजू उतरती असते. दुसऱ्या, सायफनिक प्रकारात उभ्या पाण्याचा पृष्ठभाग मोठा असतो, फ्लश केल्यावर पाणी आधी वर चढते आणि मग 'गुड्‌गुड्' करत एकदम खेचले जाते. ही खेच निर्माण व्हायला आतला वळणदार मार्ग पूर्ण भरावा लागतो. त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा एक लिटर जरी कमी पडले तरी खेच सुटते आणि सगळे जागच्या जागी राहते. वॉशडाउन भांड्यात थोडी थोडी कपात चालते; सायफनिकमध्ये अशी कपात फार जपून करावी.

भांडे न बदलता केवळ टाकीवर सक्ती केली की काय होते, याचा धडा अमेरिकेत मिळालेला आहे. १९९२ च्या कायद्याने तेथे नव्या घरगुती कमोडला फ्लशमागे साधारण ६ लिटरांची मर्यादा १९९४ पासून लागू झाली. पहिल्या काही वर्षांतल्या अनेक कमोडांत भांड्याची रचना पुरेशी बदललेली नव्हती, त्यामुळे लोक दोन-दोनदा फ्लश करत आणि कायद्याला शिव्या देत. पुढे भांड्याचा उतार, आतल्या मार्गाची रुंदी आणि पाणी सुटण्याचा वेग यांवर काम झाले तेव्हा तक्रारी ओसरल्या. आपल्या १० लिटरांच्या भांड्यालाही ६ लिटरांत भागव म्हणून हुकूम करता येत नाही. कमी करत जावे, आठवडाभर पाहावे, आणि एकदा जरी दुसऱ्या फ्लशची गरज लागली तर एक पाऊल मागे यावे. आमच्या इमारतीतल्या वॉशडाउन भांड्यांना साधारण ७ ते ८ लिटर मानवतात असा आमचा अनुभव आहे.

पाणी कमी केल्याने खालची लाइन तुंबेल का?

भांडे साफ झाले म्हणजे काम संपले असे नाही. मैला चेंबरपर्यंत पोहोचायला हवा. चार इंची आडव्या नळाला साधारण ४० फुटांत १ फूट उतार असावा लागतो. जुन्या इमारतींत जमीन खचून हा उतार बिघडलेला असतो, चिनीमातीच्या नळांच्या सांध्यांत पिंपळा-वडाची मुळे शिरलेली असतात आणि बिडाचे नळ आतून गंजून खरबरीत झालेले असतात. अशा ठिकाणी आजवर भरपूर पाणी सोडूनच काम भागत आले असेल तर कपात केल्यावर दोष उघडा पडतो. कपातीनंतर महिनाभर तळमजल्याचे चेंबर आठवड्यातून एकदा उघडून पाहावे. वरच्या मजल्यांवरून पाणी उभे कोसळत येते, त्यामुळे अडचण आली तर ती सहसा तळमजल्यावरच्या घरांना येते. त्यांच्या टाक्यांत कपात थोडी हात राखूनच करावी.

जुन्या टाकीत दोन बटणांची यंत्रणा बसवता येते का?

बऱ्याच टाक्यांत येते. बाजारात झडप आणि बटण मिळून सुटा सेट मिळतो. तो घेण्यापूर्वी तळाच्या भोकाचा व्यास, टाकीची आतली उंची आणि झाकणावर बटणासाठी भोक आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात. बाजूला दांडी असलेल्या टाकीच्या झाकणाला भोक नसते आणि चिनीमातीला घरच्या ड्रिलने भोक पाडायला जाणे म्हणजे झाकणाला मुकणे. अशा टाकीसाठी बाजूच्या दांडीवरच चालणारा सेट शोधावा किंवा बाटलीवर समाधान मानावे. भिंतीवरची प्लॅस्टिकची टाकी असेल तर आतला सेट शोधत बसण्यापेक्षा भारतीय मानक ७२३१ ची खूण असलेली दोन बटणांची संपूर्ण नवी टाकीच बसवणे अनेकदा स्वस्त पडते. भांडे जागचे हलवावे लागत नाही.

मोठ्या बटणाचे पाणी मात्र आपल्या जुन्या भांड्याला पुरेल इतके ठेवावे. बहुतेक सेटमध्ये ते कमी-जास्त करण्याची सोय असते. खरी बचत लहान बटणात आहे, कारण दिवसातल्या पाच वेळांपैकी चार वेळा केवळ लघवीसाठीच फ्लश होतो. प्रत्येकी एक पूर्ण ८ लिटरांचा आणि चार अर्धे ३ लिटरांचे फ्लश धरले, तर चौघांचे दिवसाला ८० लिटर होतात. आधी ते २०० होते.

अडचण एवढीच की कोणते बटण कशाचे हे पाहुण्यांना आणि कित्येकदा घरच्यांनाही माहीत नसते आणि दोन्ही बटणे एकदम दाबणारेही भेटतात. लहान बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा. आमच्या घरी हा शोध माझ्या नातीने लावला.

टाकी भिंतीच्या आत आहे. तिचे काय करायचे?

बटणांची पाटी खालून वर सरकवून किंवा बाजूचे स्क्रू काढून उघडते आणि त्या खिडकीतूनच आतले सगळे भाग बाहेर काढता येतात. भिंत फोडावी लागत नाही. अशा टाक्यांत पाणी किती सुटावे हे ठरवण्यासाठी झडपेवरच सरकती खूण असते. बाटली मात्र या टाकीत अजिबात टाकू नये. ती आत आडवी पडली तर काढणे अवघड जाते.

आमच्याकडे टाकीच नाही, भिंतीतून थेट फ्लश कॉक आहे.

या प्रकारात गच्चीवरच्या टाकीतून येणारा जाड नळ थेट भांड्याला जोडलेला असतो आणि जितका वेळ दाबून धराल तितके पाणी सुटते. त्यामुळे 'एक फ्लश किती लिटरांचा' या प्रश्नाला येथे माणसागणिक वेगळे उत्तर मिळते. खालच्या मजल्यांवर दाब जास्त, म्हणून तेथे पाणीही जास्त. कॉकमधला नियंत्रणाचा स्क्रू फिरवून प्रवाह आवरता येतो आणि एकदा दाबल्यावर मोजकेच पाणी सोडून आपोआप बंद होणारे, पूर्ण व अर्धा असे दोन भाग असलेले कॉकही मिळतात. याची खरी भीती वेगळीच आहे. टाकी साफ केल्यानंतर सुटलेला गाळाचा एखादा खडा आतल्या दट्ट्यात अडकला तर कॉक उघडाच राहतो आणि तासाभरात गच्चीवरची टाकी रिकामी होते. म्हणून या नळावरचा मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो फिरतो का, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

साखळीच्या बिडाच्या टाकीत काही करता येते का?

येते. त्या टाकीत तळाला रबराची झडप नसते. घंटेच्या आकाराचे एक बिडाचे भांडे असते; साखळी ओढून सोडली की ते पाण्याला मधल्या नळीच्या तोंडावरून पलीकडे ढकलते आणि तेथून सायफन सुरू होऊन टाकी रिकामी होते. जुन्या लोकांना ही टाकी गळल्याचे फारसे आठवत नाही ते यामुळेच. उंचीमुळे पाण्याला जोरही चांगला येतो, म्हणून घंटेला न टेकणाऱ्या दोन बाटल्या तिला सहज मानवतात. फ्लश झाल्यावर धार थांबतच नसेल, तर टाकीत येणारे पाणी इतके वेगाने येते आहे की सायफन तुटत नाही. अँगल कॉक थोडा आवळला की थांबते.

देशी संडासात पाणी कसे वाचवावे?

भांडे वापरण्यापूर्वी त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. कोरड्या चिनीमातीला मैला चिकटतो आणि मग तो सोडवण्यासाठी अर्धी बादली लागते. ओल्या भांड्यावरून तो सहज घसरतो. नंतरचे पाणी मगामगाने न ओतता बादलीने एका दमात, थोड्या उंचीवरून ओतावे. थेंबाथेंबाने दहा लिटर ओतले तरी जे जात नाही ते तीन लिटरांच्या एका झोताने जाते.

भांड्याचा उतार येथेही निर्णायक ठरतो. शहरी इमारतींतल्या रुंद देशी भांड्याचा तळ बराचसा सपाट असतो. याउलट बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठी जे भांडे रूढ केले त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि खालच्या सापळ्यात, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, केवळ २० मिलिमीटर पाणी उभे राहते, त्यामुळे दीड ते दोन लिटरांत काम होते. गावाकडच्या घरात नवे शौचालय बांधायचे असेल तर शहरातले रुंद भांडे नेऊन बसवण्यापेक्षा हे भांडे कितीतरी शहाणपणाचे. मात्र इतके कमी पाणी जवळच्या खड्ड्यासाठीच पुरते, लांबच्या गटारासाठी नव्हे.

धुण्याचे किंवा आरओचे पाणी फ्लशसाठी वापरता येईल का?

भांड्यात ओतण्यासाठी जरूर वापरावे; टाकीत ओतू नये. धुण्याच्या पाण्यातले तंतू आणि साबणाचा साका वायसरवर बसतो, आरओने टाकलेल्या पाण्यातले क्षार झडपेवर साचतात आणि वर सांगितलेली गळती सुरू होते. भांड्यात बादलीने ओतले तर यातले काहीच घडत नाही. धुण्याचे शेवटचे, खळबळण्याचे पाणी सर्वांत चांगले. ते त्याच दिवशी संपवावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागतो. तेलकट खरकट्याचे पाणी या कामी घेऊ नये.

इमारतीत फ्लशसाठी बोअरचे किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे वेगळे पाणी आहे. तरीही हे सगळे करायचे का?

करायचे, कारण ते पाणीही विजेनेच वर चढते आणि बोअर उन्हाळ्यात आटते. बोअरच्या जड पाण्यात वायसर लवकर खराब होतात, तेव्हा रंगाची परीक्षा वर्षातून दोनदा करावी. पण या निमित्ताने एक फार महत्त्वाची गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे जेट स्प्रे कोणत्या लाइनवर आहे. अनेक घरांत प्लंबर सोय म्हणून फ्लशच्याच अँगल कॉकवरून जेट स्प्रेची जोडणी काढून देतात. फ्लशला प्रक्रिया केलेले सांडपाणी येत असेल तर तेच पाणी अंगाला लागते. जेट स्प्रे नेहमी पिण्याच्या पाण्याच्या लाइनवरच असावा आणि या दोन लाइन घरात कोठेही एकमेकींना जोडलेल्या नसाव्यात.

संपूर्ण कमोड केव्हा बदलावा?

भांड्याला तडा गेला असेल, ते सारखे तुंबत असेल, किंवा बाथरूमचे काम नाहीतरी काढायचेच असेल तेव्हा. केवळ पाण्यासाठी बदलण्याआधी हे लक्षात घ्यावे की जुने भांडे काढताना फरशी फुटते, फरशीखालचे वॉटरप्रूफिंग दुखावते आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घराच्या छताला ओल येते. वाचलेल्या पाण्याहून शेजाऱ्याशी झालेला वाद महाग पडतो. बदलायचेच ठरले तर भांड्याचा निकास जमिनीत आहे की भिंतीत, आणि जमिनीत असल्यास भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत किती इंच अंतर आहे, हे मोजून कागदावर लिहून दुकानात न्यावे. हे माप चुकल्यामुळे दारातून परत गेलेले दोन कमोड मी पाहिले आहेत.

सोसायटी म्हणून काय करता येईल?

आमच्या इमारतीचा हिशेब असा आहे. प्रत्येक घरात दिवसाला १२० लिटर वाचले तर ४० घरांचे ४,८०० लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरांचा टँकर दोन दिवसांतून एकदा कमी येतो. घरोघरी मीटर नसल्यामुळे वाचवणाऱ्याला स्वतःच्या बिलात फरक दिसत नाही. म्हणूनच हे काम एकेकट्यावर न सोडता सोसायटीनेच करावे हे मी सभेत मांडले. आम्ही एका रविवारी सगळ्या घरांत खाण्याच्या रंगाची पुडी वाटली आणि दुपारी एकाच वेळी सर्वांनी परीक्षा केली. ४० पैकी ११ घरांत रंग भांड्यात उतरला. त्यातल्या नऊ घरांना आपली टाकी गळते याची कल्पनाही नव्हती. वायसर सोसायटीच्या खर्चाने एकगठ्ठा आणले, एक प्लंबर दिवसभरासाठी ठरवला आणि संध्याकाळपर्यंत काम संपले. पैसे कोणी द्यायचे यावरच्या चर्चेला मात्र त्याआधी तीन सभा लागल्या होत्या.

मी भाड्याने राहतो. घरमालकाला न विचारता यातले काय करता येईल?

रंगाची परीक्षा, बाटली, फ्लोटची पातळी, बादलीने पाणी ओतणे आणि वायसर बदलणे, एवढे सगळे करता येते. घर सोडताना बाटली काढून घ्यायची असेल तर घ्यावी. तशीच राहू दिली तर नव्या भाडेकरूसाठी झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवून ठेवावी, नाहीतर आलेला पहिलाच प्लंबर तिला कचरा समजून फेकून देतो.